तबकडीला बैठक हवी

इंग्लंडमध्ये स्विंडन नावाचे गाव आहे. तिथे गॅरार्ड या कंपनीचा कारखाना होता. राजघराण्याचे दागिने घडवणाऱ्या लंडनच्या गॅरार्ड पेढीने १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, तोफखान्यासाठी अंतर मोजण्याची उपकरणे करायला ही कंपनी काढली. युद्ध संपले, आणि जवाहिऱ्याच्या घराण्यातला नेमकेपणा ग्रामोफोनच्या मोटारींकडे वळला. पुढे १९५४ च्या सुमारास या कंपनीने '३०१' नावाचे एक यंत्र बाजारात आणले. जाड ओतीव थाळी, खाली ताकदवान मोटार आणि तीन वेग. बीबीसीच्या स्टुडिओंतही ते जाऊन बसले. आज सत्तर वर्षांनंतरही शौकीन त्यासाठी लाखांत पैसे मोजतात.

या यंत्राची एक गंमत होती. ते पेटीशिवाय विकले जाई. खोक्यातून नुसते यंत्र निघायचे. ते बसवायचे कशात, हा प्रश्न गिऱ्हाइकाने आपल्या गावच्या सुताराला विचारायचा. त्यामुळे जगभर या यंत्राखाली जितकी घरे, तितक्या बैठका तयार झाल्या. कुणी ओकची केली, कुणी स्लेटच्या दगडाची, कुणी चहाच्या खोक्याची. इंग्रजीत या बैठकीला 'प्लिंथ' म्हणतात. आपला गवंडी घराच्या बाबतीत त्यालाच जोते म्हणतो. मला मात्र 'बैठक' हाच शब्द बरा वाटतो, कारण आपल्याकडे गाण्यालाही बैठकच लागते.

माझ्याकडे '३०१' नाही. निवृत्त बँक अधिकाऱ्याने बाळगावी अशी ती चीज नव्हे. माझ्याकडे आहे तो त्याच कंपनीचा, पण गरीब घरचा भाऊ: चार वेगांचा चेंजर, म्हणजे एकावर एक तबकड्या रचून ठेवल्या की आपोआप एकेक खाली सोडणारे यंत्र. साठच्या दशकात आपल्याकडच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत कपाटाएवढे रेडिओग्राम असत, त्यांच्या पोटात असे चेंजर बसवलेले असत. हा माझ्या मामांच्या शिरूरच्या घरातला. मामा गेले, घर बंद राहिले, आणि रेडिओग्रामची पेटी वाळवीने आतून पोखरून टाकली. भंगारवाल्याने पेटीसकट सगळ्याचा एकच भाव सांगितला. मी यंत्र तेवढे काढून कोरेगाव भीमाला आणले. घट्ट झालेले जुने ग्रीस रॉकेलने धुतले, वायर बदलून घेतली, मोटारीच्या टोकाला तेलाचे दोन थेंब सोडले आणि बटण दाबले. थाळी फिरली. साठ वर्षांचे यंत्र धडधाकट होते. त्याचे फक्त घर गेले होते.

आता यंत्र फिरते म्हटल्यावर ते चार विटांवर ठेवून गाणे ऐकता येणार नाही का, असे कुणीही विचारील. ऐकता येईल, पण काय ऐकू येईल ते थोडे समजून घेतले पाहिजे.

एलपीच्या एका बाजूला बावीस मिनिटांचे गाणे असेल, तर थाळी तेवढ्या वेळात सुमारे ७३३ फेरे घेते. तबकडीवर आपल्याला असंख्य वर्तुळे दिसतात, पण ती असते एकच सलग खाच, बाहेरून आत जाणारी. ती उलगडून सरळ केली तर जवळजवळ पावणेपाचशे मीटर भरेल. शेजारशेजारच्या दोन वळणांत अंतर असते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून थोडे जास्त, आणि त्या खाचेच्या भिंतींवरची जी नागमोड म्हणजे गाणे, तिचे बारीक तपशील तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके सूक्ष्म. सुई ही नागमोड वाचते. सुईला स्वतःची अक्कल नसते. तिला हलवले ते गाण्याने, मोटारीने की रस्त्यावरच्या ट्रकने, हे तिला कळत नाही. जे हलवील ते ती वर पाठवते आणि स्पीकर ते मोठे करून सांगतो. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या आल्यापासून तर सुईची आडवी हालचालही वाचली जाते आणि उभीही; म्हणजे जमिनीतून येणारा हादरा थेट गाण्यात उतरतो.

माझ्या यंत्रातली मोटार मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे घेते. तिची घरघर एका रबरी चाकामार्फत थाळीला पोचते, कारण त्याच चाकाने ती थाळी फिरवते. हा झाला घरचा शत्रू. बाहेरचा शत्रू आमच्या दारातच आहे. पेरण्याच्या विजयस्तंभाला वंदन करण्यासाठी एक जानेवारीला लाखो लोक येतात, तेव्हा कोरेगाव भीमा हे नाव सगळीकडे जाते. एरवी मात्र हे नगर रस्त्यावरचे वर्दळीचे गाव. एका अंगाला भीमा नदी, दुसऱ्या अंगाला सणसवाडीचे कारखाने, आणि मधून दिवसरात्र जाणारे कंटेनर. पहाटे तीन वाजता एखादा भरलेला ट्रेलर गतिरोधकावरून गेला की आमच्या फडताळातली भांडी एकमेकांशी बोलतात. अशा घरात तबकडी वाजवायची तर तिला नुसती पेटी पुरत नाही. तिच्याखाली जड, शांत आणि पाण्यासारखी सपाट बैठक हवी.

इथे मला मिरजेची आठवण येते. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्पिढ्या तंबोरे आणि सतारी करतात. २०२४ मध्ये त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांचे सगळे कसब लाकूड आणि भोपळा बोलका करण्यात आहे. तार छेडली की लाकडाने थरथरले पाहिजे, सूर धरून ठेवला पाहिजे. तबकडीच्या बैठकीचे काम याच्या अगदी उलट. गाणे खाचेत आधीच भरलेले आहे. बैठकीने त्यात स्वतःची एक मात्राही घालायची नाही. 'अमुक लाकडाने आवाज गोड होतो' असे काही शौकीन सांगतात. मी त्या वादात पडत नाही. माझ्यापुरती परीक्षा साधी आहे: बैठकीवर बोटाने टिचकी मारली, तर स्पीकरमधून काही ऐकू येता कामा नये.

गावात एक वयस्क मिस्त्री आहेत. सत्तरी ओलांडलेली, पण रंधा हातात धरला की मनगट पस्तिशीचे. मी त्यांना यंत्र दाखवले. त्यांनी ते उलटे करून खालची सगळी कळसूत्रे पाहिली आणि म्हणाले, "साहेब, हे तर जातं हाये. वरची तळी फिरती, खालची गप. खालची हालली का पीठ जाडंभरडं येतंय." रंबल, रेझोनन्स असल्या शब्दांनी मासिकांची पानेच्या पाने भरतात, मिस्त्रींनी ते एका जात्यात बसवले.

पहिले काम मापाचे. यंत्राच्या खालच्या बाजूचा पुठ्ठ्यावर छाप घेतला. मोटारीचे पोट कुठे येते, दांडी उचलणारी यंत्रणा किती खाली लोंबते, स्प्रिंगांची भोके कुठे, हे सगळे त्यावर उतरले. सगळ्यात खाली येणारा भाग सव्वातीन इंच होता, म्हणून आतली पोकळी चार इंच ठरली. मग पाऊण इंची मरीन प्लायचे दोन तुकडे एकमेकांवर फेविकॉलने चिकटवले आणि रात्रभर सिमेंटच्या दोन गोण्यांखाली दाबून ठेवले. दोन तुकड्यांचे कारण असे की दीड इंच जाडीची फळी वजनदार होते, आणि एकावर एक चिकटवलेल्या थरांतून कंप सहजी पार जात नाही. त्यात पुठ्ठ्यावरच्या छापाप्रमाणे अरुंद पात्याच्या करवतीने खिडकी कापली. दीड फूट बाय सव्वा फुटाच्या त्या फळीचे वजन कापण्याआधी चारेक किलो भरले.

बाहेरची चौकट सागवानाची. पुण्यातल्या एका पाडलेल्या वाड्याच्या दाराची उभी बाही मला लाकडाच्या वखारीत मिळाली. बाहेरून काळीठिक्कर, रंगाचे चार थर, मध्ये कडीकोयंड्याची भोके. मिस्त्रींनी रंध्याचे तीन हात मारले आणि आतून मधाच्या रंगाचे लाकूड बाहेर आले, वासासकट. शंभर वर्षांचे वाळलेले लाकूड आता काय हलणार, असे मला वाटत होते. मिस्त्री म्हणाले, "लाकूड मेलं तरी पाणी पितंय. पावसाळ्यात फुगंल, उन्हाळ्यात आटंल. त्याला वाट ठिवायची." शास्त्रही हेच सांगते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही; ते रुंदीत वाढते आणि आकसते. म्हणून चौकटीच्या चारही पट्ट्यांचे रेषे लांबीकडे ठेवले आणि प्लायची जड फळी आत एका खाचेवर नुसती बसवली, भोवती कागदाच्या जाडीइतकी फट ठेवून. कोपरे खिळ्यांनी जोडायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना दात कापून, हाताची बोटे एकमेकांत गुंफावीत तसे ते गुंफले. एका कोपऱ्याला अर्धा दिवस लागला.

आता ट्रकांचे काय? त्यावर उपाय आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याने सुचवला. कडप्प्याची दीड इंच जाडीची लादी फरशीवाल्याकडून कापून घेतली. भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी कंसांवर ती ठेवली, कारण जमिनीपेक्षा भिंत कमी हलते आणि घरातल्या नातवंडांच्या उड्या तिथवर पोचत नाहीत. लादीवर रबराचे चार जाड तुकडे, त्यांवर सागवानी बैठक, आणि बैठकीत यंत्र आपल्या मूळ स्प्रिंगांवर तरंगते. जड, मऊ, जड, मऊ अशी ही उतरंड. हादरा एका पायरीवरून दुसरीवर येताना थकत जातो. शेवटी पाणसळ ठेवून चारही दिशांनी बुडबुडा मध्ये आणला. थाळी कलती असेल तर सुई खाचेच्या एकाच भिंतीवर भार टाकते, आणि मग गाणे एका कानाने ऐकल्यासारखे होते.

राहिले पॉलिश. मला या साऱ्या उद्योगात सर्वांत मोठा आनंद याच कामाने दिला, आणि त्याचे कारण लाखेत आहे.

हल्ली फर्निचरला मेलामाइन किंवा पीयू मारतात. कॉम्प्रेसर आणला, फवारा सोडला, दुसऱ्या दिवशी चकचकीत. मिस्त्रींनी जुनी पद्धत धरली. आधी काचकागद, ऐंशी नंबरापासून चढत तीनशेवीसपर्यंत, नेहमी रेषांच्या दिशेने. मग खडूच्या पुडीत माती कालवून लाकडाची छिद्रे बुजवली. चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घातला. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात कापूस बांधून त्याची पुरचुंडी केली, तिला जवसाच्या तेलाचा एक थेंब लावला आणि इंग्रजी आठचा आकडा काढावा तसा हात फिरू लागला. एक हात, मग वाळण्याची वाट, मग पुन्हा हात. अकरा दिवस. हे काम मेअखेर उरकायचेच, असा त्यांचा हट्ट होता. पावसाळी हवेत हे पॉलिश दमट होऊन पांढरे पडते.

चपड्याच्या त्या वासात माझ्या लक्षात आले की बैठकीवर जे चढते आहे, तेच एके काळी बैठकीवर फिरत होते. एलपीच्या आधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बारीक किडे ही लाख तयार करतात आणि तिच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर राहिला आहे. दगडाची पूड, काजळी आणि सुताचे तंतू लाखेत बांधले की तबकडी होई. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या वेळच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. लाख हिंदुस्थानातून जायची आणि गाणे होऊन परत यायची. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला तेव्हा ही येरझार थांबली. दुसऱ्या महायुद्धात लाख मिळेनाशी झाली, म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेत तिच्या वापरावर निर्बंध आले. आणि १९४८ मध्ये व्हिनाइल प्लास्टिकची एलपी आल्यावर लाखेचे राज्य हळूहळू संपले.

यातून घरोघरच्या वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट निघते. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून जुनी जड, ठिसूळ, ७८ ची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. गाणे पुसले जाईल. मऊ फडके, थोडे पाणी आणि लगेच कोरडे करणे, एवढेच पुरे. आणि सुई वेगळी लागते. ७८ ची खाच रुंद, तिला एलपीच्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट जाड टोक हवे. जुन्या यंत्रांत सुईचा एक छोटा खटका असतो. तो फिरवला की दुसरे टोक खाली येते.

शेवटची परीक्षा वेगाची. कागदाच्या चकतीवर सारख्या अंतराने १८० रेघा आखल्या आणि ती थाळीवर ठेवली. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे निऑनचा बारीक दिवा सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतो. थाळी मिनिटाला बरोबर ३३ १/३ फेरे घेत असेल, तर त्या प्रकाशात रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. माझ्या चकतीवरच्या रेघा स्थिर होत्या. हे सुख जुन्या काळात नव्हते. नव्वदच्या दशकात विजेचा ताण वाढला की वारंवारता ४९ च्याही खाली घसरे. मोटार त्या मागोमाग मंद होई आणि गाणे दोन टक्क्यांहून अधिक उतरे, म्हणजे एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश तरी. गाणारा सुरात असे, वीज बेसूर असे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे जोडले जाऊन सगळ्या देशाची वीज एका तालात आली, आणि जुन्या तबकड्यांचा सूरही त्याबरोबर ठिकाणावर राहू लागला.

चार वेगांपैकी सर्वांत मंद वेग १६ २/३ फेऱ्यांचा. तो कशाला, असे नातवाने विचारले. त्या वेगाच्या तबकड्या आपल्याकडे क्वचितच आल्या. पण एक तबकडी त्याच वेगाची आहे आणि ती पृथ्वीपासून फार दूर गेली आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तीत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. याने सुटली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. तबकडीसोबत सुई दिलेली आहे, कशी वाजवावी त्याच्या खुणा कोरलेल्या आहेत. फिरती थाळी मात्र दिलेली नाही. ती ज्याला सापडेल, त्याला थाळी आणि तिच्याखालची बैठक स्वतःच करावी लागणार. तिथेही कुणी मिस्त्री भेटो.

इथल्या मिस्त्रींची गोष्ट जास्त अवघड आहे. बँकेत असताना मी ग्रामीण भागात एकात्मिक ग्रामीण विकासाची कर्जे वाटली. १९८० मध्ये ती योजना देशभर लागू झाली. सुतारांचे अर्ज यायचे. आम्ही फॉर्मवर हत्यारांची यादी घ्यायचो: करवत, रंधा, पटाशी, गुण्या. त्यांच्या किमती लिहायचो. हात मात्र कोणत्याच रकान्यात बसत नव्हता. गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांतला. त्याला धान्य मिळे आणि त्याच्या हाताची पत सगळ्या गावाला ठाऊक असे. ती पत कागदावर आणायची रीत आमच्या छापील अर्जात नव्हती. आज या मिस्त्रींचा मुलगा सणसवाडीला कंपनीत आहे, पगार वेळेवर येतो, त्यात काही गैर नाही. पण बोटांसारखा गुंफलेला तो कोपरा कापणारा आमच्या पंचक्रोशीत आता त्यांच्यामागे दुसरा मला ठाऊक नाही. मजुरी विचारली तेव्हा त्यांनी चौकटीचे पैसे सांगितले. पॉलिशच्या अकरा दिवसांचे काय, म्हटल्यावर म्हणाले, "त्ये माझ्या हौसंचं." मी ते हिशेबात धरून दिले. बँकेची सवय, आणि हौसेलाही मोल असते म्हणून.

बैठक झाल्याचे गावात कळले, तेव्हा एक आजी दोन ७८ च्या तबकड्या पदराआड घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांनी शिरूरच्या बाजारातून आणलेली भजने. चाळीस वर्षे त्या ट्रंकेत होत्या. सुईचा खटका फिरवला, तबकडी लावली. एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. खरखर होती, पण खरखरीच्या मागे टाळ, आणि टाळांच्या मागे गाणारा दमदार आवाज. आजी शेवटपर्यंत उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा हेच म्हणायचे, पण हा ठेका मला आठवत नव्हता." त्या तबकडीची दुसरी प्रत कुठे असेल की नाही, सांगवत नाही.

अशा तबकड्या महाराष्ट्रात माळ्यांवर, ट्रंकांत, जुन्या बाजारात पडून आहेत. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची एक संस्था सुरू केली. अशा मंडळींनी तबकड्या शोधल्या, त्यांच्या याद्या केल्या, त्यांच्याविषयी लिहिले, म्हणून नाट्यपदांपासून कीर्तनांपर्यंत पुष्कळ काही हाती राहिले. तिकडे अमेरिकेत २०२२ मध्ये सीडींपेक्षा एलपींची संख्या जास्त विकली गेली, १९८७ नंतर प्रथमच. ती नव्या शौकाची गोष्ट झाली. आपल्याकडच्या प्रश्नाला मात्र मुदत आहे. लाखेची तबकडी पडली की फुटते, वाडा पडला की ट्रंक भंगारात जाते, आणि ती वाजवायचे यंत्र बहुधा तिच्याही आधी गेलेले असते.

म्हणून एवढेच सांगणे. या दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून असे एखादे यंत्र खाली आले, तर ते वजनावर देण्यापूर्वी जाणत्या इलेक्ट्रिशियनला दाखवा. पुष्कळदा यंत्र जिवंत असते आणि फक्त पेटी मेलेली असते. पेटी करणारा हात अजून तुमच्या गावात असेल, तर त्याला पावसाळ्याआधी गाठा.